जुन्या घराचे खांब, नव्या परसातली कोठी

लातूरहून औसा, लामजना मागे टाकून उमरग्याच्या रस्त्याला लागलात की दोन्ही बाजूंना काळी, सपाट राने सुरू होतात. पावसाळ्यात सोयाबीन आणि त्यातून डोके काढणारी तूर, पुढे हरभरा आणि ज्वारी. याच रस्त्यावर किल्लारी लागते. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना हे नाव सांगावे लागणार नाही, लहानांसाठी सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून गाव नुकते झोपले होते, तेव्हा ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातली हजारो माणसे आपल्याच घराखाली गाडली गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवली गेली.

जुन्या गावठाणातल्या स्मृतिस्तंभापाशी घटकाभर थांबा आणि मग नव्या वसाहतीत या. रस्ते सरळ, घरे ओळीने. ज्याच्याकडे जशी जमीन त्याप्रमाणे २५०, ४५० नाहीतर ७५० चौरस फुटांचे घर मिळाले. माणसांना निवारा झाला. पण शेतकऱ्याच्या घरात नुसती माणसे राहतात का? पोती, पेंड, कुळव, पाभर, फवाऱ्याचा पंप, दोरखंड हे सारे कोठे ठेवायचे? जुन्या घराला ढाळज होती, धान्याला पेव होते. तेव्हा हे गाव समोरून पाहू नका, मागल्या अंगाने पाहा. परसापरसांतून लोकांनी आपापल्या हाताने जोडलेली शेडे दिसतील.

सोयाबीनच्या साठवणुकीचे सांगायला गेलो असता अशाच एका परसात मी थबकलो. वीस फूट लांब, दहा फूट रुंद पत्र्याची कोठी; पण खांब कोरीव सागवानी, तेलाने काळे झालेले. घरधनी सत्तरीचे. म्हणाले, "वाड्याचे हैत, साहेब. भिंती बसल्या, पर ह्ये सहा जागचे हलले न्हाईत."

त्यात खोटे काही नाही. त्या भागातली जुनी माळवदाची घरे खणांची. खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या, वर पांढऱ्या मातीचा थर. भिंती दोन-अडीच फूट आणि त्याहूनही जाड, पण दगड नुसते चिखलात बसवलेले. गळती थांबावी म्हणून दरसाल वर माती चढत गेली. हिशेब करून पाहा. दहा फूट चौरस खणावर दीड फूट माती म्हणजे सहा-साडेसहा टन वजन होते. तेवढ्याच जागेवरचे पत्रे शंभर किलोही भरत नाहीत. लाकडी सांगाडा पुष्कळ ठिकाणी उभा राहिला, मारले ते दगडमातीने.

तरी हे लाकूड बरीच वर्षे रानात बाभळीखाली पडून होते. त्यांची आई ते दारात येऊ देईना. घरातली दोन माणसे त्या वाड्यात गेली होती, आणि यावर बाहेरच्याने काय बोलावे? पुढे एका दिवाळीत अवकाळी पावसाने ताडपत्रीखालची सोयाबीनची पोती भिजली, मालाला बुरशी आली आणि व्यापाऱ्याने भाव पाडला. तेव्हा म्हातारीनेच खांब आणायला सांगितले. अट एकच घातली: त्यांच्यावर पुन्हा दगडमाती चढवायची नाही.

आता कोठी कशी बांधली ते ऐका, कारण जुने सामान तुमच्याही घरी पडलेले असेल. सुताराने प्रत्येक खांब हातोडीने वाजवून पाहिला. खणखणीत वाजला तो ठेवला, बद्द वाजला तेथे टोच्या घालून पाहिले. वाळवीने पोखरलेली टोके कापून काढली, म्हणून कोठीची उंची फूटभर कमी झाली, होऊ द्यावी. जुने खिळे जंबुऱ्याने उपटले. कठीण सागवानात आधी भोक पाडल्याशिवाय खिळा मारू नये, लाकूड चिरते.

काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. म्हणून तीन फूट खड्डे घेऊन ती काढून टाकली, तळाशी मुरूम ठोकला, वर काँक्रीट ओतले. मोडक्या बैलगाडीच्या चाकांची धाव लोहाराकडून कापून सरळ करून घेतली आणि त्या पट्ट्या काँक्रीटमध्ये उभ्या गाडल्या. खांब जमिनीच्या वर टेकून या पट्ट्यांना बोल्टाने आवळले आहेत. मी स्वतः एकदा परसात सागाचे खांब नुसतेच मातीत पुरले होते. तीन वर्षांत वाळवीने बुडखे खाल्ले, तेव्हा हे मी अनुभवाने सांगतो. खांब आणि तुळईच्या कोपऱ्यांत तिरके टेके दिले आहेत. सांगाडा हलला तरी कलंडत नाही तो त्यांच्यामुळे.

पत्रे जुन्या बाजारातले. पत्रा उन्हाकडे धरून खालून पाहिला की बारीक भोके चांदण्यांसारखी दिसतात. ती डांबराने बुजवावीत. खिळा किंवा हूक नाळीच्या उंचवट्यावर मारावा, खोलगटीत मारला तर पाणी आत येते. जुने सिमेंटचे पत्रे मात्र घेऊ नका. त्यांची कापताना उडणारी धूळ फुप्फुसांचा घात करते.

भिंती तुराट्यांच्या कुडाच्या, हलक्या. उंदरांसाठी खालचे तीन फूट पत्रा. जमीन परसापेक्षा दीड फूट उंच केली आहे. पोती माळवदाच्या जुन्या फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर दूर. सोयाबीन १२ टक्क्यांहून ओले असेल तर कोठी कितीही चांगली असो, आत ठेवू नका. कीटकनाशकांचे डबे वेगळ्या, कुलपाच्या जागी. आणि माणसे झोपतात त्या भिंतीला लागून कोठी असेल तर धान्यात विषारी वायूच्या गोळ्या कधीच टाकू नका. वास भिंत ओलांडून येतो आणि झोपेत जीव घेतो.

सगळे मनासारखे पाहून बाहेर आलो, वर नजर टाकली आणि थांबलो. पत्र्यांवर दगड! वळवाच्या वाऱ्याने दोन पत्रे उचलले गेले होते, म्हणून नातवाने ओळीने धोंडे ठेवले होते. आपल्याकडे गावोगाव हे दिसते. वादळात पत्रा उचलला की पहिला धोंडाच खाली येतो, आणि जमीन हलली तर विचारायलाच नको. मी काही बोलण्याआधीच घरधन्यांनी माझी नजर ओळखली. "आईला दिसत न्हाई आता," एवढेच म्हणाले आणि गप्प झाले.

दुपारी नातू लामजन्याहून हूक आणि डांबरी वायसर घेऊन आला. आम्ही शिडी धरली. तो एकेक धोंडा खाली देत गेला, सतरा निघाले. म्हातारी ओट्यावर बसून कान देऊन ऐकत होती. "काय काढताव रं?" तिने विचारले. नातू शिडीवरूनच म्हणाला, "काय न्हाई, आज्जे. पत्रे आवळतोय."