परतीची वाट

सोमवार, ९ डिसेंबर २०२४, कराड

सकाळी सातला ट्रॅक्टरने ओढत एक दहा टायरी ट्रक दारात आणला. ऊस खाली करून कारखान्याच्या यार्डातून निघताना अडला तो अडलाच. किल्ली फिरवली की सेल्फमधून नुसतं टक् टक् टक्. ड्रायव्हरच मालक आहे. दिवाळीनंतर त्याने दोन्ही बॅटऱ्या नव्या घातल्या, सेल्फ दोनदा उतरवून कार्बन, बुश, बेंडिक्स बदलून घेतलं. दोन्ही वेळा गाडी चार दिवस बरी चालली. "मेस्त्री, नवा सेल्फ टाका, पण सोडवा मला," म्हणाला. मी म्हटलं, दादा, मोजल्याशिवाय एक नटही सोडणार नाही.

बोलता बोलता कळलं, रात्री यार्डात नंबर लागेपर्यंत तो इंजिन चालूच ठेवतो. आणि रानात गाडी उतारालाच लावतो, गिअरमध्ये टाकून सोडली की चालू होते. ऐकून पोटात गोळा आला. इंजिन बंद असलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं, कॉम्प्रेसर फिरत नाही, ब्रेकला टाकीत उरलेली हवा तेवढीच. मागे उसाची थप्पी आणि उताराच्या तोंडाशी टोळीच्या कोपी, त्यांची पोरं.

बॅटऱ्या १२.६ आणि १२.५ व्होल्ट, म्हणजे दोन्ही मिळून २५.१. हाताखालच्या पोराला किल्ली मारायला लावली आणि मीटर बॅटरीवरच ठेवला. आकडा २४ च्या खाली आलाच नाही. निम्मं उत्तर इथेच मिळालं. बॅटरी मेली असती किंवा सेल्फ जाम असता, तर आकडा धाडकन पडला असता. बॅटरीवर भारच येत नव्हता. करंट वाटेत कुठेतरी अडत होता.

दुपारी ऊन चढलं आणि गाडी एका किल्लीत चालू झाली. मालक निघायला लागला. हात धरून थांबवलं. आपोआप गेलेला दोष आपोआपच परत येतो, आणि तो रस्त्यात येतो.

मंगळवार, १० डिसेंबर

पहाटे साडेपाचलाच गॅरेजवर आलो. गारठ्यात इंजिनचं तेल घट्ट असतं, सेल्फला जोर जास्त लागतो, दोष लपून राहत नाही. किल्ली मारली, पुन्हा टक् टक्.

आधी जाणारी वाट मोजली. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी सेल्फच्या मोठ्या बोल्टवर, आणि किल्ली. अर्धा व्होल्टसुद्धा नाही. ती बाजू चोख. मग परतीची वाट, बॅटरीच्या मायनसपासून सेल्फच्या बॉडीपर्यंत. आकडा उड्या मारत अकरापर्यंत गेला. तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसायला नको. पोराला म्हटलं, ॲक्सिलरेटरच्या केबलला हात लाव. त्याने चटकन हात मागे घेतला. केबल तापली होती. करंटला हक्काची वाट मिळेना, म्हणून तो त्या बारीक केबलमधून परतत होता.

गिअरबॉक्स ते चेसीसची अर्थिंगची पट्टी सोडली. वरून नीटनेटकी, खाली चेसीसवर रंगाचा थर. पावसाळ्यात क्लचचं काम झालं, चेसीस रंगवली, आणि पट्टी त्या रंगावरच आवळली. थिंबलच्या आत तारा हिरव्या पडलेल्या. सेल्फ काढताना पट्टी हलायची, जरा पकड बसायची, आणि सेल्फ दुरुस्त झाला असं सगळ्यांना वाटायचं.

पोराने विचारलं, ओहमवर मोजलं तेव्हा पट्टी बरोबर कशी दाखवली? चांगला प्रश्न. ओहमच्या दहाव्या भागाचा अडथळा या मीटरला पिनांच्या स्वतःच्या अडथळ्यापासून वेगळा ओळखता येत नाही. पण त्यातून १०० अँपिअर न्यायचे म्हटले तर १० व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. तार रिकामी असताना सगळ्याच तारा चांगल्या. खरी तार भार पडल्यावर कळते. हे त्याच्या वहीत लिहून घेतलं.

आधी बॅटरीचा मायनस काढला. लोखंड चकचकीत होईपर्यंत घासलं, ७० चौरस मिलिमीटरची नवी केबल दाबून थिंबल लावली, आवळली, वरून जेली. किल्ली मारली. सेल्फ असा फिरला की मालकाने डोळे मिटून हात जोडले. बॅटरी किल्लीवर २१.८, अर्थिंग ०.३, चालू इंजिनवर चार्जिंग २८.१.

बुधवार, ११ डिसेंबर

तरी सोडली नाही. रात्रीतून दहादा किल्ली मारून बघितली, दोनदा टक् सुद्धा झालं नाही. हा दोष वेगळा, सोलेनॉइडला जाणाऱ्या बारीक वायरचा. टेस्टिंग बल्ब लावला तर लखलखीत पेटतो. पण बल्बला एक जिवंत तारही पुरते, सोलेनॉइडला ओढ घेताना कितीतरी जास्त करंट लागतो. फायरवॉलच्या भोकातलं रबर पडून गेलेलं, पत्र्याच्या धारेवर वायर घासून दोन-तीन तारांवर आलेली. पूर्ण तुकडाच बदलला, भोकाला नवं रबर घातलं.

तिथेच शेजारी बॅटरीवरून थेट ओढलेली एक वायर सापडली. मागच्या शोभेच्या लाइटसाठी, नुसती पिळून टेप गुंडाळलेली, फ्यूज नाही. हौद्याच्या पत्र्याला घासत मागे गेलेली. वर वाळलं पाचट. तिथे शॉर्ट झाला असता तर तोडायला वाटेत काहीच नव्हतं. वायर तापून लाल होईपर्यंत बॅटरी करंट देतच राहते. वायर काढून नवी ओढली, बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज बसवला. त्याचे पैसे घेतले नाहीत. हे काम न करता गाडी सोडली असती तर मला झोप आली नसती.

शुक्रवार, १३ डिसेंबर

सकाळी मालकाचा फोन. तिसरी खेप पोचली. काल रात्री यार्डात पुढे साठेक गाड्या होत्या. "मेस्त्री, इंजिन बंद केलं," म्हणाला. "पहिल्यांदा भीती वाटली. मग झोप लागली."

नंबर आला तेव्हा मागच्या ड्रायव्हरने दार ठोकून उठवलं म्हणे. एका किल्लीत निघाला.