बाबांचा दुसरा मॉनिटर

यूएसबीमधून मॉनिटर चालवणं हा प्रकार कागदावर हिशोब मांडला तर जमूच नये असा आहे. हिशोब सोपा आहे, मांडूनच टाकते. फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे वीस लाखांच्या वर. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला २४ बिट. आणि हे सगळं सेकंदाला ६० वेळा पाठवायचं. गुणाकार केला की सेकंदाला जवळपास ३०० कोटी बिट होतात. यूएसबी २.० ची कमाल मर्यादा किती? ४८ कोटी. तीही खोक्यावर छापायची. प्रत्यक्षात त्यातला बराच भाग पत्ते लिहिण्यात आणि पोच घेण्यातच जातो.

थोडक्यात, घागरभर पाणी तांब्यात ओतायचंय. तरीही हे चालतं. आमच्या सांगलीच्या घरी तर दिवाळी अंकांच्या हंगामात रोज बारा-बारा तास चालतं.

बाबा डीटीपी करतात. पुस्तकं, स्मरणिका, लग्नपत्रिका, आणि श्रावणापासून पुढे दिवाळी अंक. पेजमेकर २००१ सालच्या सातव्या आवृत्तीपाशी थांबलं, बाबा थांबले नाहीत. एक जुना लॅपटॉप, त्यावर पेजमेकर, जुने मराठी फॉन्ट, त्या फॉन्टचं यूएसबीत खोचायचं कुलूप, आणि शेजारी एक बावीस इंची मॉनिटर, असा त्यांचा कारखाना. लेखक मंडळी हल्ली हस्तलिखितं पोस्टाने पाठवत नाहीत, व्हॉट्सॅपवर फोटो पाठवतात. मग मोठ्या मॉनिटरवर हस्तलिखिताचा फोटो आणि लॅपटॉपवर पेजमेकरचं पान. डावीकडे बघायचं, उजवीकडे टाइप करायचं. ज्याने कधी दोन पडद्यांवर काम केलंय त्याला याचं सुख सांगायला नको.

२०२४ च्या जूनमध्ये, मृग लागता लागता, एका संध्याकाळी वीज अशी काही कडाडली की लॅपटॉपचं एचडीएमआय गेलं. मॉनिटर ठणठणीत, लॅपटॉपही चालू, पण दोघांचं बोलणं बंद. दुरुस्तीवाला म्हणाला, "काका, बोर्डच बदलावा लागेल. आणि जुन्या मॉडेलचा बोर्ड मिळाला तर." नवीन लॅपटॉप घ्या म्हणणं सोपं आहे, पण फॉन्ट, कुलूप, प्रिंटर अशी सगळी घडी ऐन हंगामात मोडायची कोणी?

बाबांनी मला काही सांगितलं नाही. सांगितलं आईने. "अगं, रात्री दीड दीड वाजेपर्यंत मोबाइल डोळ्यापाशी धरून टाइप करतायत. त्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. परवा संपादकांना फोन लावत होते, यंदाचा अंक दुसऱ्या कोणाला द्या म्हणून." हा अंक बाबा बावीस वर्षं लावतायत. त्यातून मिळणारे पैसे हा एक भाग झाला. दुसरा भाग असा की, पासष्टीच्या माणसाच्या हातातून एकदा काम गेलं की ते बहुतेक परत येत नाही. त्यांना ते माहीत होतं, आणि म्हणूनच तो फोन अजून लावून झाला नव्हता.

माझ्या पुण्याच्या ड्रॉवरमध्ये एक यूएसबी-ते-एचडीएमआय अडॅप्टर पडून होता. शनिवारी सकाळी तो पिशवीत टाकला आणि एसटी पकडली.

आता हा अडॅप्टर करतो काय? साधी एचडीएमआय वायर मुकाट्याने प्रत्येक ठिपका सेकंदाला साठ वेळा पाठवत राहते. पडद्यावर काही हललं नाही तरी तेच चित्र पुन्हा, पुन्हा, पुन्हा. यूएसबीला ही चैन परवडत नाही. म्हणून लॅपटॉपवर एक ड्रायव्हर बसतो. तो विंडोजला सांगतो, "मी एक मॉनिटर आहे, माझ्यासाठी चित्र काढ." चित्र आलं की आधीच्या चित्राशी ताडून बघतो, जेवढा भाग बदलला तेवढाच उचलतो, दाबून लहान करतो आणि यूएसबीतून पाठवतो. पलीकडे अडॅप्टरमधली चिप तो भाग उलगडते, स्वतःच्या मेमरीतल्या चित्रात योग्य जागी चिकटवते, आणि मॉनिटरला साठ वेळांचा रतीब तीच घालते. मॉनिटरला पत्ताही नसतो की मागे एवढी काटकसर चाललीय.

आता बाबांचं काम या नजरेने बघा. ते प्रुफात एक अनुस्वार देतात. अख्खा पडदा पाठवायचा तर ६२ लाख बाइट. पण बदललं काय, तर डोक्यावरचा एक ठिपका! पडद्यावरचे पाच-पाच ठिपके धरले तरी पंचवीस, म्हणजे ७५ बाइट. (प्रत्यक्षात जरा मोठा चौकोन उचलला जातो, पण तत्त्व तेच.) अक्षर वाढलं तर ओळ सरकते, तेव्हा ओळीएवढा पट्टा जातो. आणि हस्तलिखिताचा फोटो तर दहा-दहा मिनिटं जागचा हलत नाही. तेवढा वेळ यूएसबीवरून चित्राचं म्हणून जवळपास काहीच जात नाही. तांब्यात घागर ओतायची गरजच नसते, कारण घागर एकदा भरली की नंतर नुसते थेंब बदलायचे असतात.

ही कल्पना जिथून आली ती गोष्ट मला फार आवडते. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत १९९१ साली कॉफीच्या भांड्यासमोर कॅमेरा लावला होता, जिने चढून गेल्यावर भांडं रिकामं सापडू नये म्हणून. १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचं करडं चित्र, मिनिटाला तीनेक वेळा बदलणारं. कॉफी काही सेकंदाला साठ वेळा संपत नाही, मग चित्र तरी कशाला पाठवायचं! १९९३ मध्ये ते चित्र वेबवर आलं आणि जगप्रसिद्ध झालं. हे चित्र पडद्यावर दाखवणारा प्रोग्रॅम लिहिणारे क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर पुढे त्याच गावात व्हीएनसी तयार करणाऱ्या चमूत होते. दुसऱ्याच्या संगणकाचा पडदा नेटवर्कवरून आपल्याकडे दाखवणारं ते व्हीएनसी. त्याचा मंत्रही हाच: बदललेला आयत पाठव, काही नुसतं सरकलं असेल तर चित्र पाठवूच नकोस, 'तिथलं उचलून इथे ठेव' एवढंच सांग. २००३ मध्ये त्यांनी आणि मार्टिन किंग यांनी न्यूनहॅम रिसर्च ही कंपनी काढली. तीच २००६ मध्ये डिस्प्लेलिंक झाली आणि २०२० मध्ये सिनॅप्टिक्सने विकत घेतली. माझ्या पिशवीतल्या अडॅप्टरमध्ये त्यांचीच चिप होती. कॉफीच्या भांड्यापासून बाबांच्या अनुस्वारापर्यंत! असो.

सांगलीत पोचल्यावर बाबांची पहिली प्रतिक्रिया अपेक्षित होती. "यूएसबीतून? त्यात तर माउस लावतात."

विंडोज १० ने अडॅप्टर ओळखला, ड्रायव्हर आपला आपण उतरवून घेतला आणि दोनेक मिनिटांत मॉनिटर जागा झाला. यात नवल नाही. पूर्वी असले ड्रायव्हर विंडोजच्या चित्र काढण्याच्या कामात मागच्या दाराने शिरायचे, आणि मग कधी पडदा काळा, कधी सगळंच बंद. २०१६ च्या मोठ्या अपडेटमध्ये विंडोज १० ने अशा 'आडवळणाच्या' मॉनिटरांसाठी रीतसर दार करून दिलं, तेव्हापासून हा त्रास पुष्कळ कमी झाला.

मग मी जरा प्रयोग केले. अडॅप्टर आधी लॅपटॉपच्या एकुलत्या एक निळ्या पोर्टमध्ये, म्हणजे यूएसबी ३.० मध्ये लावला. ही २००८ ची पिढी, मर्यादा ५०० कोटी. इथे काहीच तक्रार नाही. मग मुद्दाम काळ्या पोर्टमध्ये, यूएसबी २.० मध्ये लावला. टायपिंगला काही फरक नाही. फोटो भराभर सरकवला की क्षणभर पुसट दिसायचा आणि थांबला की स्वच्छ व्हायचा, चश्म्याची काच पुसावी तसा. सिनेमाचं गाणं लावलं तर मात्र रडगाणं झालं. सेकंदाला अख्खा पडदा बदलतोय म्हटल्यावर काटकसर करणार कुठे? शिवाय दाबून लहान करण्याचं काम लॅपटॉपच्याच गळ्यात. पंखा घोंगावायला लागला. बाबा म्हणाले, "गाणी बंद कर. मी इथे गाणी बघायला बसत नाही."

झालं! सगळ्या तपासणीचा निकाल त्यांनी एका वाक्यात लावला. या अडॅप्टरांबद्दल जी नाराजी वाचायला मिळते ती बहुतेक खेळ खेळणाऱ्यांची किंवा व्हिडिओवाल्यांची असते, आणि ती खरी आहे. पण जगातलं केवढं तरी काम स्थिर पडद्यावर चालतं. हिशोबाच्या वह्या, प्रुफं, कोड, रेल्वेच्या आरक्षणाचे तक्ते. या कामांना सेकंदाला ३०० कोटी बिट कधीच लागत नव्हते. एचडीएमआय आपलं पाठवत बसतं इतकंच.

तोटे आहेत, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. हा अडॅप्टर मी २०२१ मध्ये घेतला तो कंपनीच्या एम-१ मॅकबुकसाठी. त्या चिपचा लॅपटॉप बाहेरचा एकच मॉनिटर चालवतो, आणि मला दोन हवे होते. मॅकवर या ड्रायव्हरला 'स्क्रीन रेकॉर्डिंग'ची परवानगी द्यावी लागते, कारण करतो तो तेच, पडदा टिपून पाठवतो. आमच्या सुरक्षा विभागाने त्यावरून तीन आठवडे पत्रव्यवहार केला. मला तेव्हा राग आला होता, पण प्रश्न गैरवाजवी नव्हता. जो ड्रायव्हर तुमचा सगळा पडदा वाचतो, तो कोणाचा आहे हे विचारलंच पाहिजे. याच कारणाने कॉपी-संरक्षण असलेले सिनेमे मॅकच्या अशा मॉनिटरवर काळे दिसतात. आणि सगळी मदार सॉफ्टवेअरवर असल्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिम शिंकली की यांना सर्दी. मार्च २०१८ मध्ये मॅकओएस १०.१३.४ आलं आणि डिस्प्लेलिंकवर चालणारे मॉनिटर एका अपडेटसरशी कोरे पडले. लिनक्सवाल्यांची वेगळीच कथा: जुन्या यूएसबी २.० चिपांसाठी २००९ मध्ये मुक्त लायब्ररी मिळाली, यूएसबी ३.० च्या चिपांसाठी मात्र २०१५ मध्ये जो ड्रायव्हर आला त्याचा महत्त्वाचा भाग बंद डब्यातच राहिला. साध्या वायरीला असली आजारपणं नसतात.

एक गोष्ट मात्र खरेदी करणाऱ्यांनी ध्यानात ठेवायला हवी. मी जायच्या आधी बाबा गावातल्या एका दुकानातून यूएसबी-सी ते एचडीएमआय असा स्वस्तातला कन्व्हर्टर आणि तो साध्या यूएसबीत बसवायचं टोपण घेऊन आले होते. दुकानदार म्हणाला होता, "बसतंय की." बसत होतं. दिसत काही नव्हतं. कारण यूएसबी-सीच्या काही पोर्टांतून डिस्प्लेपोर्टचा सिग्नलच बाहेर पडतो, ही २०१४ पासूनची सोय, 'ऑल्ट मोड' म्हणतात तिला. तो स्वस्त कन्व्हर्टर फक्त त्याचं एचडीएमआय करतो. जुन्या चौकोनी यूएसबीतून असा सिग्नल येतच नाही, मग टोपण काय करणार बिचारं? तिथे चित्र टिपणारा ड्रायव्हर आणि उलगडणारी चिप दोन्ही लागतात, आणि म्हणून तो अडॅप्टर महाग असतो. तुमच्या लॅपटॉपच्या सी-पोर्टमधून ऑल्ट मोड मिळत असेल आणि एकच मॉनिटर जोडायचा असेल, तर सरळ तो स्वस्त कन्व्हर्टर घ्या. डिस्प्लेलिंकच्या वाटेला जायचं कारण नाही.

रविवारी दुपारी मी निघाले तेव्हा बाबा चौसष्टाव्या पानावर होते. मॉनिटरवर कुणाचं तरी गिचमिड अक्षर दीडशे टक्के मोठं करून लावलेलं, नाक पडद्यापासून चांगलं हातभर लांब. संपादकांना फोन केलात का, असं मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, "परवा पहिले दोन फॉर्म पाठवतो म्हणून कळवलंय." अंक ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूरला छापायला गेला.

अडॅप्टर तिथेच आहे. लॅपटॉपला पोर्ट तीन: एकात फॉन्टचं कुलूप, एकात अडॅप्टर, एकात माउस. पेनड्राइव्ह लावायचा झाला की बाबा माउस काढतात आणि तेवढा वेळ सगळं कीबोर्डवर करतात. मी यूएसबीचा हब आणून देते म्हटलं तर म्हणाले, "कशाला? पेनड्राइव्ह काही रोज लागत नाही."