विचारलं असतंत तर?

मैत्रिणींनो, तुमचं कधी असं झालंय का? गोष्ट आपल्याच घरातली, आपल्याच आयुष्याची, आणि ती आपल्याला कळते ती बाहेरच्या कुणाकडून!

माझं झालंय. २००१ साली ह्यांच्या बँकेनं स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली. ह्यांनी अर्ज भरला, तो मंजूरही झाला, आणि मला कळलं ते जिन्यात, ह्यांच्याबरोबर काम करणाऱ्या एकांच्या बायकोकडून. "तुमची काय बाई मजा! गावाला डाळिंबाची बाग करणार म्हणे!" माझ्या हातात दुधाची पिशवी होती. "हो ना," म्हणून मी हसले, वर आले, दूध तापत ठेवलं आणि समोर उभी असूनही ते उतू जाऊ दिलं. पुढचे आठ दिवस आमच्या घरात "वाढलंय" या एका शब्दापलीकडे बोलणं नव्हतं.

आम्ही तेव्हा नगरला राहत होतो. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेचं वळण जाता जात नाही.) शेजारी एक मावशी होत्या, ख्रिस्ती, मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. त्या अबोल्याच्या दिवसांत एकदा दुपारी त्यांचं गाणं भिंतीपलीकडून ऐकू आलं. बाई एकट्याच तांदूळ निवडत गात होत्या. चाल अभंगाची, शब्द आपल्याच घरातले, मध्येच 'माउली'सुद्धा आली. पण शेवटी 'तुका म्हणे' काही येईना. न राहवून मी दाराशी गेले.

"मावशी, हा कुणाचा अभंग?"

"आमच्या टिळकांचा."

मला वाटलं, लोकमान्यांचा! त्या इतक्या हसल्या की सूप हातातून खाली ठेवावं लागलं. मग माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहून त्यांनी कपाटातून एक जाडं पुस्तक काढलं. "गाणी त्यांची आहेत, पण आधी बाईंचं वाच," म्हणाल्या. ते पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. शाळेत त्यातला एखादा उतारा आपण सगळ्यांनीच वाचलेला असतो. तो वाचायचा, उत्तरं लिहायची आणि विसरायचं. संसार वीस वर्षांचा झाल्यावर ते वाचणं वेगळं असतं.

रेव्हरंड नारायण वामन टिळक. आपल्याला ते फुलामुलांचे कवी म्हणून ठाऊक, 'केवढे हे क्रौर्य' लिहिणारे. जन्म १८६१ चा, कोकणातला. लग्न झालं तेव्हा लक्ष्मीबाई अकरा-बारा वर्षांच्या. माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचं, आणि वडिलांचं सोवळं असं कडक की बाजारातून आलेल्या जिनसा धुऊन घेतल्याशिवाय घरात यायच्या नाहीत. त्या घरातली ही मुलगी पडली कुणाच्या पदरी, तर ज्याच्या हातात पैसा टिकत नाही, एका गावी पाय टिकत नाही, डोक्यात राग आला की घर सोडून जायचं आणि कुठं जातो ते सांगायचं नाही, अशा माणसाच्या. बाई हे सगळं हसत हसत सांगतात. मला पहिल्यांदा वाचताना हसू आलं, दुसऱ्यांदा नाही आलं.

१८९३ मध्ये टिळक नागपूरहून राजनांदगावला नोकरीवर निघाले. आगगाडीच्या डब्यात एक गोरा पाद्री भेटला. गप्पा कवितेवरून धर्मावर गेल्या. उतरण्यापूर्वी त्यानं नवा करार हातात ठेवला आणि सांगितलं, दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांनी पुस्तक घेतलं ते वाचीन म्हटलं म्हणून. वाचता वाचता डोंगरावरच्या प्रवचनाशी आले आणि तिथंच अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दोन वर्षं पुरती झाली न झाली.

बायकोला विचारलं नाही. ती माहेरच्या माणसांत होती, चार वर्षांच्या दत्तूला घेऊन. बातमी आली ती परस्पर.

आता तुम्हीच सांगा. माझ्या नवऱ्यानं नोकरी सोडली, तर मी दूध उतू घालवलं. या बाईचा तर नवराच धर्मातून, जातीतून, पंगतीतून, सगळ्यातून उठून गेला होता. त्या काळी अशा बाईनं काय करायचं? नवरा जिवंत, म्हणून विधवा नाही; आणि त्याच्या घरी पाणी प्यायचं नाही, म्हणून सवाष्णही नावाचीच. कुंकू लावायचं की नाही, हा प्रश्न लोकांनी तिच्यापेक्षा जास्त चघळला असेल. टिळकांचं मन किती कोवळं, किती मोठं, हे मी पुस्तकात वाचलं. पण या एका गोष्टीसाठी मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. देवाचा शोध लागला म्हणून घरी एक पत्र आधी टाकायला काय हरकत होती?

चार-साडेचार वर्षं गेली. मग बाई त्यांच्याकडे गेल्या, पण आपल्या अटीवर. चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं कायम. नवऱ्याच्या ख्रिस्तावर हरकत नाही, पण माझ्या घागरीला हात लावायचा नाही! मला ही अट फार आवडते. टिळकांनीही ती पाळली, ओढून नेलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. पुढं जात माणसांनी केलेली आहे, देवानं नाही, हे बाईंना स्वतःच उमगलं, आणि १९०० साली त्यांनी आपल्या मनानं बाप्तिस्मा घेतला. नवरा पाच वर्षं आधी पोचला होता, ही आपल्या पायांनी पोचली.

आता मावशींच्या त्या गाण्याकडे येते. टिळकांच्या आधी इथल्या देवळांतून (ख्रिस्ती मंडळी चर्चला देऊळच म्हणतात) इंग्रजी चालींवर बसवलेली गीतं बरीच असत. देशी चालीवर लिहिणारे नव्हते असं नाही. कृष्णाजी सांगळ्यांची पदं होती, नगर भागात ख्रिस्ती कीर्तनही आधीच सुरू झालं होतं. पण जात्यावर बसलेल्या बाईच्या तोंडी आपोआप यावं असं गाणं टिळकांच्या हातून उतरलं. कारण साधं होतं. ख्रिस्ती झाले म्हणून त्यांनी तुकोबांना टाकलं नाही. तुकारामाच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. मग अभंग, ओवी, आरती, पदं, सगळं त्यांनी जसंच्या तसं बरोबर नेलं. ख्रिस्ताला ते माउली म्हणाले, गुरू म्हणाले. 'अभंगांजली' त्यातूनच आली. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या 'उपासना संगीत' या पुस्तकात त्यांची गाणी ढिगानं आहेत. मला वाटतं, ज्याला जुनं घर सोडावं लागलं त्यालाच त्या घरातलं काय बरोबर न्यायचं ते नेमकं कळतं.

१९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, म्हणजे कवी टिळक रेव्हरंड झाले. नगरला पाळक होणाऱ्या मुलांना ते शिकवत. १९१२ पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी भागाचं संपादन त्यांच्याकडे आलं. पण पाळक झाल्यावर वागण्यात फार फरक पडला असं बाईंच्या लिहिण्यावरून वाटत नाही. घरात माणसांची रीघ तशीच. दुष्काळात उघडी पडलेली मुलं आली, कवी आले. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात पोरसवदा ठोंबरे उठून दिसला, त्यालाच आपण बालकवी म्हणतो. तोही टिळकांच्या घरी येऊन राहिला. टिळक माणूस आणणार आणि ताट बाई वाढणार! पाहुणे न सांगता येतात त्या घरातल्या बायकांना याचा अर्थ उलगडून सांगायला नको.

आणि १९१७ मध्ये पुन्हा तेच. साहेबांच्या मिशनचा पगार घेऊन आपल्या लोकांत ख्रिस्त सांगणं त्यांना पटेना, म्हणून मिशनची नोकरी सोडली. साताऱ्याला जाऊन 'देवाचा दरबार' मांडला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ज्यात जागा आहे असा. मोठीच कल्पना. पण महिन्याचा पगार जातो तेव्हा डब्यातली डाळ कशी दिसायला लागते, ते मी त्याच सुमाराला पाहत होते, त्यामुळे त्या पानांवर मी जरा जास्तच थांबले.

दरबार फुलायला वेळ मिळाला नाही. ९ मे १९१९ ला मुंबईत टिळक गेले. 'ख्रिस्तायन' नावाचं ख्रिस्तचरित्राचं महाकाव्य त्यांनी हाती घेतलं होतं, त्याचे दहा-अकरा अध्याय झाले होते. पुढचे चौसष्ट अध्याय कुणी लिहिले, माहीत आहे? लक्ष्मीबाईंनी. ज्या बाईला अक्षरओळख लग्नानंतर नवऱ्यानं करून दिली, तिनं. त्याच वयात 'स्मृतिचित्रे'ही चालू होतं. त्याचा पहिला भाग १९३४ मध्ये निघाला. १९३६ मध्ये त्या गेल्या, तेव्हा शेवटचा भाग अपुरा होता, तो मुलानं, देवदत्तांनी पुरा केला. टिळकांच्या कविता आज किती घरांत वाचल्या जातात कोण जाणे, 'स्मृतिचित्रे' मात्र अजून बायका एकमेकींना देतात.

पुस्तक संपलं त्या रात्री मी ह्यांना विचारलं, "मला विचारलं असतंत तर?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो, म्हटलंच असतं."

"मग?"

"मग काय? नाही म्हटलं असतं, भांडले असते, आणि नंतर बाग कुठं करायची ते बघायला आले असते."

यावर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, रविवारी जमीन बघायला येतेस का? गेले. ऊन काय विचारू नका. विहीर दाखवली, रोपं कुठून आणणार ते सांगितलं, खर्चाचा कागद पहिल्यांदा माझ्या हातात दिला. ठिबकचा खर्च धरलेलाच नव्हता, ते मी तिथंच दाखवून दिलं. पुढं काही वर्षं डाळिंबानं बरं दिलं, मग तेल्या रोग आला आणि निम्मी झाडं काढावी लागली. झाडं काढायची की नाही, हे मात्र आम्ही दोघांनी बांधावर बसून ठरवलं.

मावशी पुढं मुलीकडे राहायला गेल्या. जाण्याच्या आदल्या दिवशी पुस्तक परत द्यायला गेले, तर त्या सामानाच्या खोक्यांत बसून गुणगुणत होत्या, तोच अभंग. पुस्तक घेतलं, उघडलं, मी दुमडलेली दोन-तीन पानं बोटानं सरळ केली आणि माझ्याच हातात परत ठेवलं.

"राहू दे तुझ्याकडे," म्हणाल्या. "पानं मात्र दुमडत जाऊ नकोस गं."