शेफील्डचं पातं, डॉगरिजचं खोड

सप्टेंबर लागला की आमच्या इंदापूर तालुक्यात, कळस-बोरीच्या बाजूला, द्राक्षाची कलमं भरणाऱ्या टोळ्या फिरू लागतात. हल्ली प्रत्येकाच्या हातात कटर असतो. प्लॅस्टिकची मूठ, पातं पुढं सरकवायचं, बोथट झालं की टोकाचा तुकडा मोडून टाकायचा. मजुरी कलमांच्या संख्येवर मिळते, तिथं धार लावत बसायला कुणाला वेळ आहे? मी मात्र माझ्या बागेतली कलमं घडीच्या चाकूनं भरतो. पात्यावर सेनर, शेफील्ड असं कोरलेलं आहे. इंग्लंडातल्या माळ्यांच्या पिढ्या या नावाचे छाटणीचे आणि डोळे भरण्याचे चाकू वापरत आल्या. आता तो कारखाना नाही आणि तसा चाकू कुठल्या दुकानात नवा मिळत नाही.

आमच्याकडं कलमाला एवढी किंमत का, हे नीरा डाव्या कालव्याशिवाय सांगता येत नाही. 1876-77 च्या दुष्काळानंतर हा कालवा खोदला गेला, 1885 मध्ये त्याला पाणी सुटलं आणि बारामतीचा जिरायती पट्टा पुढं उसाचा झाला. पण काळ्या, निचरा नसलेल्या रानात पाणी साचलं आणि खालचे क्षार वर आले. पुण्याच्या शेतकी कॉलेजातले हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी 1910 सालीच नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका लिहिली. द्राक्षबागा त्यानंतर कितीतरी वर्षांनी आल्या. थॉमसन सीडलेस आपल्या मुळांवर लावली की या पाण्यात तिची पानं कडेनं करपत, वेल दरसाल थकत जाई. त्यावर उपाय निघाला डॉगरिजचा. हे टेक्सासातलं रानद्राक्ष, क्षार आणि पाण्याचा ताण दोन्ही सोसणारं. त्याची रोपं उन्हाळ्याच्या तोंडाला लावायची, पावसाळाभर वाढू द्यायची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यावर आपल्या जातीची काडी बांधायची. नऊ बाय पाच फुटांवर लागवड असली तर एकरी हजाराच्या आसपास झाडं बसतात, आणि त्या प्रत्येक झाडाचं पुढचं सारं आयुष्य एका कापावर उभं असतं.

कलम पाचरीचं असतं. पेन्सिलीएवढं जाड खुंट गुडघ्याच्या उंचीवर कापायचं, मधोमध चीर द्यायची. दोन डोळ्यांची काडी घेऊन तिच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी उतरता काप द्यायचा, पाचर चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळायची. सगळं कौशल्य पाचरीत आहे. बाजू एकाच ओढीत, सपाट उतरली पाहिजे. हात मध्येच थांबला तर लाकडावर उंचवटा राहतो, आत पोकळी पडते, सालीखालचा हिरवा थर दोन्हीकडचा जुळत नाही आणि काडी पंधरवड्यात वाळते. कलमी चाकूच्या पात्याला धार एकाच बाजूनं असते, दुसरी बाजू सपाट. ती सपाट बाजू काडीवर टेकली की काप आपोआप सरळ जातो. कटरचं पातं पातळ आणि दोन्ही बाजूंनी उतरतं. कोवळ्या काडीत चालतं, पण डॉगरिजच्या पक्क्या लाकडात लवतं आणि हाताला वाट दाखवत नाही. सराईत माणूस कटरनंही उत्तम कलम भरतो, ते मी रोज पाहतो. नवशिक्याला मात्र मी आधी चाकूच देतो.

हा सेनर मला बारामतीच्या गुरुवारच्या बाजारात मिळाला. तिथं एक वयस्कर गृहस्थ गोणपाट अंथरून जुनी कुलपं, अडकित्ते, पितळी कड्या, दिव्यांचे बर्नर मांडून बसायचे. जुना वाडा पाडला की त्यातलं किडुकमिडुक त्यांच्याकडं यायचं. चाकू गंजून मिटलेला होता, उघडत नव्हता. "दादा, ह्यो न्हाई उघडायचा, ऱ्हाऊ द्या," असं त्यांनी स्वतःच सांगितलं, आणि भंगाराच्या भावानं दिला. घरी आणून रॉकेलमध्ये बुडवून ठेवला. सांध्यात रॉकेल मुरलं तसं पातं हललं, मग लाकडी चिमट्यात धरून हळूहळू उघडलं. आतली कमान शाबूत होती. घडीच्या चाकूचा जीव या कमानीत असतो: पाठीमागची ही पोलादी पट्टी पात्याला उघडं असताना आणि मिटलेलं असताना दाबून धरते. पात्याचा गंज निघतो, मुठीचं लाकूड नवं बसवता येतं. कमान तुटली तर तसा चाकू पुन्हा होत नाही.

त्यानंतर नजर तयार झाली. जुन्या दफ्तरांमध्ये बोरू तासायला जे छोटे चाकू असायचे, त्यातले कितीतरी शेफील्डच्या जोसेफ रॉजर्सचे. त्यांची खूण म्हणजे एक चांदणी आणि एक माल्टी क्रूस, शेजारी शेजारी. ही खूण त्यांना 1764 मध्ये मिळाली. या नावाला एवढा मान होता की नकला पुष्कळ निघाल्या. रॉजर्समधलं 'डी' हे अक्षर गाळून छापलेले चाकू आजही सापडतात, म्हणून आधी भिंगानं स्पेलिंग वाचायचं. पात्यावर मुकुटासोबत व्ही. आर. असेल तर तो व्हिक्टोरियाच्या काळातला, म्हणजे 1901 च्या आतला. नुसतं शेफील्ड न लिहिता इंग्लंड असंही कोरलेलं असेल तर बहुधा 1890 नंतरचा, कारण त्या वर्षी अमेरिकेनं आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं आणि कारखानदारांनी ती पद्धत सगळीकडं उचलली. स्टेनलेस लिहिलेलं असेल तर 1913 च्या आधीचा असणं शक्यच नाही, ते पोलाद शेफील्डमध्येच हॅरी ब्रिअर्लीनं त्या वर्षी तयार केलं. बोटभर लोखंडावर एवढं सगळं वाचता येतं, याचा मला आजही तितकाच आनंद होतो.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी फिरताना याच नादाची माणसं भेटत गेली. त्यांच्यातले काहीजण पात्याला दगड लावू देत नाहीत. पातं पूर्ण रुंदीचं, कारखान्यातून निघालं तसं असेल तर भाव चढतो. धार लावून लावून झिजलेलं असेल तर ते हातही लावत नाहीत. मला हे पटत नाही. शिंपल्याच्या मुठीचा, चांदीचं काम केलेला चाकू असेल तर तो कपाटात ठेवावा, तो मुळात भेट म्हणूनच बनला होता. पण माळ्याचा चाकू लाकूड कापायला बनला. त्याच्या पोलादाला पाणी कसं दिलंय, हे कापल्याशिवाय कळतच नाही. सेनरचं पातं तेलाच्या दगडावर चार-पाच ओढीत धारेला येतं आणि मग चामड्यावर ओढलं की हातावरचा केस उतरतो. सकाळी लावलेली धार जेवणाच्या सुट्टीपर्यंत जाते. द्राक्षाच्या रसानं त्यावर निळसर काळा थर चढलाय. तो थर मी घासून काढत नाही, कारण तोच पुढच्या गंजाला अडवतो. एवढ्यापुरता मी आणि संग्राहक एका मताचे आहोत.

सगळ्यात वाईट वाटतं ते चाकावर नासलेले चाकू पाहून. विजेच्या चाकावर कुणीतरी धार लावलेली असते, पातं तापून निळं पडलेलं असतं. त्या निळ्या पट्ट्यातलं पाणी उतरलेलं असतं, तिथं पुन्हा धार टिकत नाही. शंभर वर्षं टिकलेली वस्तू दोन मिनिटांत जाते.

जुन्या चाकूनं सगळीच कामं करावीत असंही नाही. निमगाव केतकीच्या बाजूला डाळिंबाच्या बागा आहेत. तेल्या रोग कात्रीवरून, चाकूवरून झाडाझाडाला पसरतो, म्हणून प्रत्येक झाडानंतर हत्यार सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवावं लागतं. साधं पोलाद त्यात एका दिवसात गंजायला लागतं. डाळिंबात मी स्टेनलेसची कात्रीच नेतो. उलट बोराच्या रानरोपावर उमराण जातीचा डोळा भरायचा असेल तर डोळे भरण्याच्या जुन्या चाकूला तोड नाही. त्याच्या मुठीच्या शेवटाला हाडाची चपटी जीभ असते. सालीवर उभी-आडवी चीर दिली की या जिभेनं साल उचलायची, आतला ओला थर जराही खरवडला जात नाही. धातूनं तो खरवडतो. जर्मनीतल्या रॉयटलिंगेनची टीना कंपनी 1854 पासून या कामाचे चाकू बनवत आली आहे, आपल्याकडं फाल्कनचाही मिळतो. पण मुठीला हाडाची जीभ असलेला चाकू मला नवा मिळालेला नाही.

घडीचा चाकू खिशात म्हटलं की लोकांना रामपुरी आठवतो. सिनेमानं तो गुंडाच्या हाती दिला, आणि पुढं उत्तर प्रदेशात साडेचार इंचांहून लांब पात्यावर बंदी आल्यावर रामपूरच्या कारागिरांचा धंदाच आटला. तोही उत्तम घडणीचा चाकू होता, आणि त्याच्या कारागिरांची मला हळहळ वाटते. आपल्या शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याला परवाना लागतो, त्यातून घरगुती आणि शेतीची हत्यारं वगळलेली आहेत. माझ्या चाकूचं पातं तीन इंचांचंही नाही. तरी बागेतून निघालो की तो मी अवजारांच्या पिशवीत ठेवतो, एसटीत किंवा बाजारात खिशात बाळगत नाही.

गेल्या हंगामात पुण्याच्या एका संग्राहकानं या सेनरच्या बदल्यात हस्तिदंती मुठीचा, व्ही. आर. छापाचा रॉजर्स देऊ केला. पातं पूर्ण रुंदीचं, खूण ठसठशीत. बाजारभावानं पाहिलं तर सौदा सरळ माझ्या फायद्याचा होता. मी त्यांना म्हटलं, "काका, मला अजून अर्धा एकर भरायचाय." ते हसले आणि म्हणाले, मग ऑक्टोबरनंतर बोलू. ऑक्टोबरनंतर त्यांचा फोन आला, तेव्हाही मी नाही म्हटलं. त्याऐवजी माझ्याकडचे न वापरलेले दोन बोरूचे चाकू त्यांना दिले आणि बदल्यात एक मोडका, पण शाबूत कमानीचा कलमी चाकू घेतला. त्याला बाभळीच्या लाकडाची मूठ बसवायला टाकली आहे. पुतण्या या वर्षी पहिल्यांदा कलमं भरणार आहे, त्याला तो लागेल.