दारावरच्या रंगीत काचा

दिवाळीच्या साफसफाईत दारांच्या माथ्यावरच्या काचा पुसायचं काम आम्हा पोरांकडे असे. गिरगावातल्या आमच्या चाळीत दारोदारी लाल, निळ्या, हिरव्या, पिवळ्या काचांचे अर्धगोल होते. ओल्या वर्तमानपत्राने त्या लख्ख झाल्या, की दुपारी फरशीवर रंग सांडत आणि धाकटी भावंडं त्यात पाय रंगवत बसत. आई म्हणायची, "पडदे दोन दिवाळ्यांत विटतात, या काचा मात्र सासूबाईंच्या लग्नापासून अश्शाच!" त्या विटणार कशा? रंग वरून फासलेला नव्हताच. काच वितळवतानाच तीत धातूंची संयुगं मिसळतात: कोबाल्टने निळा येतो, तांब्याने किंवा सोन्याने लाल.

नाक्यावरच्या दवाखान्याच्या दाराला दुधी काच होती, तीवर वेलबुट्टी. तसली नक्षी काढणारे एक काका मागच्या गल्लीत बसत. काचेवर मेणाचा थर द्यायचा, त्यात टोकदार सुरीने नक्षी कापायची आणि उघड्या पडलेल्या काचेला हायड्रोफ्लोरिक ॲसिड पाजायचं. हे ॲसिड काचच खातं, म्हणून ते प्लास्टिकच्या कॅनमध्ये असे. "लांब व्हा रे! हे लागलं तर आधी कळतही नाही, मग हाडापर्यंत जातं," असं ते ओरडत. धुऊन मेण खरवडलं, की पानंफुलं उमटलेली दिसत. पुढे कॉम्प्रेसर आला. वाळूचा फवारा मारून काच खरवडायची ही युक्ती टिल्घमन या अमेरिकनाने १८७० मध्येच पेटंट केली होती. आमच्याकडे ती आली आणि ब्लॉकाब्लॉकांतल्या पार्टिशनवर मोर नाचू लागले.

कॉलेजात गेल्यावर राजाबाई टॉवरखालच्या विद्यापीठ ग्रंथालयातल्या काचा पाहिल्या आणि पुस्तक उघडंच राहिलं. प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून उभा राहिलेला हा टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. अशा कामात रंगीत काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडतात. बारीक रेषा काचेची पूड आणि धातूच्या ऑक्साइडने रंगवून भट्टीत सहाशेएक अंशांवर भाजतात, तेव्हा त्या काचेशी एकजीव होतात. सोनेरी पिवळा रंग चांदीच्या क्षारातून येतो.

टॉवरच्या काचांची निगा राखायला माणसं आहेत. चाळीतल्या काचांना कोण आहे? तुमची इमारत पुनर्विकासाला निघाली असेल, तर भंगारवाल्याला चौकटी देण्याआधी माथ्यावरच्या काचा उतरवून घ्या. नव्या घरात एखाद्या खिडकीपुरत्या तरी त्या नक्की बसतील.