नव्या मतीने

गोव्यातल्या सर्वण गावच्या घरात बसून जमिनीचे जुने पोर्तुगीज दस्त मराठीत उतरवणाऱ्या अनुवादकाला नामे फारशी छळत नाहीत. शेत ते शेत, पाट तो पाट. तो अडतो क्रियाविशेषणांपाशी.

'नोवामेंते' घ्या. आजच्या पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ 'पुन्हा'. शब्द फोडला की लॅटिनची दोन सुटी पदे हाती येतात: नोवा मेंते, म्हणजे 'नव्या मनाने'. 'मेन्स' म्हणजे मन, बुद्धी. 'मेंते' हे त्याचे विभक्तीचे रूप. ते नाम स्त्रीलिंगी, म्हणून विशेषणही स्त्रीलिंगी.

फ्रेंचमध्ये 'मेंते'चे 'मां' झाले, पण ही स्त्रीलिंगाची खूण कानाला ऐकू येते. 'संथ' या अर्थाचे पुल्लिंगी विशेषण 'लां', स्त्रीलिंगी 'लांत'. आणि 'सावकाश'ला फ्रेंच माणूस म्हणतो 'लांतमां'. चालणारा बैल असो वा माणूस, शब्दात हजार वर्षांपूर्वीचे स्त्रीलिंग टिकून आहे. आठव्या शतकातल्या रायखेनाऊ शब्दसंग्रहात 'सिंगुलारितेर' या जुन्या लॅटिन शब्दाचा अर्थ 'सोलामेंते' असा सोपा करून दिला आहे. 'मेंते' हा प्रत्यय जन्मताना दिसावा, असा हा पुरावा. पोर्तुगीज तर अजून दोन पदांची आठवण ठेवते: 'स्पष्ट आणि सावकाश'साठी 'क्लारा ई लेंतामेंते', शेपूट एकदाच, शेवटी.

मात्र प्रत्येक सारखे शेपूट एका घरचे नसते. 'दोकुमेंतु'तल्या 'मेंतु'चा मनाशी संबंध नाही. तो नाम घडवणारा वेगळाच लॅटिन प्रत्यय.

अर्थही सरकतो. 1507 मध्ये इटलीतल्या व्हिचेन्झा शहरात समुद्रप्रवासांचा एक संग्रह छापला गेला. त्याच्या शीर्षकातले 'नोव्हामेंते' म्हणजे 'नुकतेच' सापडलेले देश, 'पुन्हा' सापडलेले नव्हेत. आजचा अर्थ डोळे मिटून जुन्या मजकुरावर चिकटवला, तर अनुवाद खोटा ठरतो. जमिनीच्या दस्तात एवढी चूकही महागात पडते.

आणि हा शब्द मराठी माणसाला परका कुठे आहे? 'नोवा'चे नाते आपल्या 'नव'शी, 'मेन्स'चे 'मति'शी, अगदी घडणीसकट; मतीही स्त्रीलिंगीच. तरी अर्थ सरकतो, म्हणून 'नोवामेंते' दिसले की सर्वणचा अनुवादक आधी कागदाचे साल पाहतो, अलीकडचे-पलीकडचे वाक्य वाचतो आणि मगच 'पुन्हा', 'नुकतेच' किंवा 'नव्याने' लिहितो. आपण 'यथामती' म्हणतो, त्यातली मती हीच.