शेकरूची वाट

शुक्रवारी आमच्या भिवंडीत माग बंद. म्हणून गुरुवारी रात्री आम्ही घरचे सहाजण माळशेज घाटाने जुन्नरला खालाकडे मुक्कामाला गेलो आणि सकाळी लवकर भीमाशंकर गाठले. मुलांना शेकरू पाहायचे होते. उन्हे चढली की ते फांदीवर आडवे पडते, मग दिसणे कठीण.

दादींना वाटले होते, अंगणातल्या खारीसारखेच काहीतरी असेल. पण हे प्रकरण निराळे. आधी अर्धे खाल्लेले फळ आमच्या पुढ्यात पडले. वर पाहिले तर मागच्या पायांनी फांदीला उलटे लटकून, पुढच्या दोन्ही पायांत दुसरे फळ धरून जेवण चाललेले! पाठ तांबूस, पोट फिकट, शेपूट धडापेक्षा लांब. वजन दीड-दोन किलो भरते म्हणे. यांच्यासाठीच १९८५ साली हे रान अभयारण्य झाले.

वाटाड्याने घरटे दाखवले. काटक्या-पानांचा मोठा गोळा, फांदीच्या बारीक टोकाशी; जड शिकारी तिथवर जाऊ शकत नाही. एका शेकरूची अशी कितीतरी घरटी असतात.

“मग राहते कुठे?” दादींनी विचारले.

“सगळीकडेच, आजी. पण फांदीला फांदी लागली पाहिजे.”

आमची खार जमिनीवर उतरते, दादींच्या सुपातले तांदूळ पळवते. शेकरू सहसा खाली उतरतच नाही. वीस फुटांपर्यंत उडी मारते. दोन झाडांत त्याहून मोठी फट पडली की वाट संपली. रस्त्यावर फांद्यांची कमान होती तिथून एक पलीकडे गेले. थोडे पुढे कमान तुटली होती. तिथे दादी बराच वेळ वर पाहत उभ्या राहिल्या.

आमच्या अंगणातल्या आंब्याची फांदी गल्लीपलीकडच्या जांभळाला टेकते. खारी त्यावरूनच ये-जा करतात. तिथे शेड वाढवून आणखी चार माग बसवायचे चाचांनी ठरवले आहे. धंदा मंदीत आहे, त्यांचेही चूक नाही. आंबा तोडण्याच्या परवानगीचा अर्ज आम्हीच भरून दिला. घर दादींच्या नावावर, त्यामुळे सही त्यांची लागते.

परतल्यावर दादींनी तो कागद मागितला, घडी घातली आणि तांदळाच्या डब्याखाली ठेवून दिला. चाचा दोनदा विचारून गेले. दादी म्हणतात, चष्मा सापडत नाही. चष्मा त्यांच्या डोळ्यांवरच असतो.